बोर्ड किती मोठा हे नंतर, आधी चालायला किती उरते ते मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटपाथवरचे दुकानांचे बोर्ड उचलण्याची मोहीम कोकणातल्या बहुतेक गावांत सारख्याच पद्धतीने पार पडते. गणपतीच्या आधी किंवा मे महिन्यातल्या गर्दीच्या तोंडावर नगरपरिषदेची गाडी बाजारातून फिरते, समोर दिसतील ते बोर्ड गाडीत टाकले जातात, दुकानदार दंड भरून बोर्ड सोडवून आणतो आणि आठवड्याभरात तोच बोर्ड त्याच लादीवर उभा राहतो. कर्मचाऱ्याने हटकले की दुकानदार विचारतो, “मग ठेवू कुठे ते तरी सांगा.” या प्रश्नाचे उत्तर कर्मचाऱ्याकडे नसते, कारण ते कुठल्या कागदावरच नसते. अडथळा करू नये एवढे कायदा सांगतो. अडथळा कितव्या इंचापासून सुरू होतो ते गावाने आपल्यापुरते ठरवायचे असते, आणि ते ठरवायचेच राहून गेले आहे.

हे पत्र त्या इंचांबद्दल आहे. बोलतो आहोत ते हलवता येणाऱ्या बोर्डांबद्दल: शिडीसारखा उघडणारा दुतर्फा बोर्ड, खानावळीच्या दारातला खडूचा फळा, फ्लेक्सची स्टँडी, स्कुबा आणि होमस्टेवाल्यांचे पंखी झेंडे, हापूसच्या हंगामातले ‘पेटी मिळेल’चे पत्रे. मोठे होर्डिंग हा वेगळा विषय आहे. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली, त्यानंतर मोठ्या फलकांच्या तपासणीचा विषय तरी ऐरणीवर आला. जमिनीवरच्या लहान बोर्डाकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. त्याने रोज कोणाच्या तरी पायाला लागते, एवढेच.

आधी कायद्याचे थोडक्यात. नगरपरिषद व नगरपंचायत हद्दीत १९६५चा नगरपरिषदा अधिनियम लागू होतो, आणि सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार मुख्याधिकाऱ्यांच्या यंत्रणेला त्यातून मिळतो. गणपतीपुळे किंवा तारकर्लीसारख्या ठिकाणी ग्रामपंचायत आहे, तिथे १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातले कलम ५३ उपयोगी पडते. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा असेल तर त्यांचीही संमती लागते. मुंबई-गोवा महामार्गाच्या हद्दीत तर नगरपरिषदेची परवानगी काहीच कामाची नाही. ती जमीन २००२च्या राष्ट्रीय महामार्ग (भूमी व वाहतूक) नियंत्रण कायद्याखाली येते. आंब्याच्या दिवसांत महामार्गाच्या कडेला लागणारे बोर्ड उचलले जातात तेव्हा बागायतदाराकडे ग्रामपंचायतीची पावती असते आणि तिचा उपयोग होत नाही, तो यामुळे. म्हणून अर्ज करण्याआधी पहिली चौकशी एकच: समोरचा रस्ता कोणाचा?

याशिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली सार्वजनिक वाटेत अडथळा केल्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या दंड संहितेत हाच दंड दोनशे रुपये होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. तेव्हा ‘छोटासा तर बोर्ड आहे’ हा युक्तिवाद आता फार दिवस टिकणारा नाही.

आता मापे. भारतीय रस्ते परिषदेच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांत (आयआरसी १०३) चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच इतकी जागा पूर्ण मोकळी असावी असे म्हटले आहे. बाजारभागात रुंदी २.५ मीटर अपेक्षित आहे. १.८ मीटर म्हणजे जवळपास सहा फूट. समोरासमोरून येणाऱ्या दोन चाकाच्या खुर्च्या, किंवा दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली दोन माणसे एकमेकांना न घासता जावीत म्हणून ते माप आहे. ते ऐषआरामाचे माप नाही, किमान आहे.

आपल्याकडे नियम करताना पहिली चूक इथे होते. मसुद्यात लिहिले जाते, ‘बोर्ड दोन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा नसावा.’ दोन फुटी बोर्ड बारा फुटी फुटपाथवर कोणालाच आडवा येत नाही आणि चार फुटी फुटपाथवर निम्मी वाट खातो. म्हणून नियमाची सुरुवात उरणाऱ्या वाटेपासून व्हायला हवी. हिशेब सोपा आहे. चालण्याची वाट १.८ मीटर, बोर्डाची उघडलेली जागा ०.६ मीटर, आणि रस्त्याच्या कडेच्या दगडापासून ०.३ मीटर अंतर, म्हणजे उभ्या गाडीचे दार आणि दुचाकीचे हँडल बोर्डाला लागणार नाही. बेरीज २.७ मीटर, जवळजवळ नऊ फूट. याहून अरुंद फुटपाथवर बोर्ड बसत नाही.

मोजताना टेपचे एक टोक दुकानाच्या भिंतीला लावून चालत नाही. दुकानाची पायरी बाहेर आली असेल तर मोजमाप पायरीच्या कडेपासून. वर शटर असेल आणि बाहेर मालाची मांडणी असेल तर मांडणीच्या कडेपासून. रस्त्याच्या बाजूला विजेचा खांब, डीपीची पेटी, झाडाचा कट्टा किंवा दूरध्वनीचा जुना खांब असेल तर मोजमाप त्याच्या आतल्या कडेपर्यंत. आणि हे दुकानासमोर एकाच जागी मोजू नये. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर मोजून त्यातले सर्वांत कमी माप धरावे. खांब आणि बोर्ड समोरासमोर आले की मधून माणूस आडवा होऊन जातो. हे माप कागदावर कधी सापडत नाही, जागेवरच दिसते.

या कसोटीला आपल्या जुन्या बाजारपेठा उतरणार नाहीत, हे उघड आहे. कोकणातल्या पेठांत फुटपाथ म्हणजे बऱ्याचदा गटारावर टाकलेली लादी. तिची रुंदी गटाराएवढीच. अशा ठिकाणी सरळ लिहावे: या रस्त्यावर जमिनीवरचा बोर्ड नाही. जिथे फुटपाथच नाही तिथेही नाही, कारण रस्त्याची कड हीच तिथली चालण्याची वाट आहे. ‘फुटपाथ नाही म्हणून अडथळा कसला’ असे म्हणणारे लोक भेटतात. शाळा सुटल्यावर त्याच कडेने मुले रांगेने चालतात ते त्यांनी पाहावे. गटाराच्या जाळीवर किंवा उघडता येणाऱ्या झाकणावर तर बोर्ड कुठल्याच रुंदीला चालणार नाही. पावसाळ्यात पाणी आत जायचे तोंड तेच असते, आणि सफाई कामगाराला झाकण उचलायचे असते तेव्हा दुकान बंद आणि बोर्ड साखळीने बांधलेला, असा प्रकार होतो.

जिथे जागा आहे तिथे बोर्ड फुटपाथच्या कोणत्या बाजूला असावा? खांब, झाडे, कचरापेट्या ज्या रेषेत आहेत त्याच रेषेत, रस्त्याच्या बाजूला. पांढरी काठी घेऊन चालणारी व्यक्ती अनेकदा भिंतीचा माग धरून चालते. भिंतीला टेकवलेला बोर्ड तिची वाट तोडतो. पण त्याहून वाईट म्हणजे एका दुकानाने भिंतीशी आणि शेजाऱ्याने कडेशी बोर्ड लावणे. मग सगळ्यांनाच नागमोडी चालावे लागते. एका रस्त्यावर एकच रेषा, आणि ती नगरपरिषदेने पिवळ्या रंगाने आखून द्यावी. दुकानदाराची आणि कर्मचाऱ्याची निम्मी भांडणे त्या रेषेनेच मिटतील.

कोपऱ्यापासून, झेब्रा पट्ट्यांपासून, एसटी थांब्यापासून आणि चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उतारापासून निदान पाच मीटर दोन्हीकडे बोर्ड नसावा. बोर्डाची उंची जमिनीपासून एक मीटरच्या वर नसावी. रस्त्याच्या आखणीत चालकाच्या डोळ्याची उंची १.२ मीटर धरतात. सव्वा मीटरचा बोर्ड कोपऱ्यावर आला की चालकाला पलीकडचे काही दिसत नाही. एक मीटरच्या बोर्डामागेही लहान मूल लपते, म्हणून उंचीबरोबर कोपऱ्यापासूनचे अंतरही लागते.

आता बोर्डाच्या बांधणीकडे येतो. नियमांच्या मसुद्यांत ही बाब अर्ध्या ओळीत उरकली जाते: ‘बोर्ड मजबूत असावा.’ किनाऱ्यावर या वाक्याला काही अर्थ नाही. मजबूत म्हणजे किती वाऱ्याला, हे सांगावे लागते.

नेहमीचा बोर्ड घेऊ. २० मिमी चौकोनी लोखंडी पाइपाची दुहेरी चौकट, ६० सेंमी रुंद, ९० सेंमी उंच फ्लेक्स, खाली १० सेंमी मोकळी जागा, वजन साधारण पाच किलो. उघडल्यावर पायांत ६० सेंमी अंतर. भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागातले वाऱ्याच्या दाबाचे सूत्र वापरले (दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रतिसेकंदात) आणि सपाट पाटीसाठी १.२चा गुणक धरला, तर हा बोर्ड ताशी सुमारे ३० किलोमीटर वाऱ्याला उलटतो. हे वादळ नाही. दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या एखाद्या झोताला तेवढे जमते. आणि बहुतेक दुकानदार जागा वाचवायला पाय कमी उघडतात. अंतर ४० सेंमी ठेवले तर तोच बोर्ड ताशी २४-२५ किलोमीटरला खाली येतो. जागा वाचवली म्हणून बोर्ड पडला, असे हे गणित आहे.

हवामान खात्याच्या वादळी पावसाच्या इशाऱ्यात ‘ताशी ४० ते ५० किमी वेगाचा वारा’ हे शब्द मे-जूनमध्ये सतत असतात. ५० किलोमीटरला या बोर्डावर साडेसात किलोंचा रेटा येतो आणि तो उभा राहायला एकूण १४ किलो वजन लागते. साठला हे वजन वीस किलोवर जाते. म्हणजे वजन वाढवत नेण्याला मर्यादा आहे. वीस किलोंचा बोर्ड रात्री आत घ्यायला दोन माणसे लागतात, आणि एकटा दुकानदार मग तो बाहेरच सोडून जातो.

खरा उपाय बोर्ड लहान करणे हा आहे. ४५ सेंमी बाय ७५ सेंमीची पाटी घेतली तर ५० किलोमीटरच्या वाऱ्याला एकूण आठ किलो पुरतात. क्षेत्रफळ कमी होते आणि रेटा लागतो तो बिंदूही खाली येतो, असा दुहेरी फायदा. चौकट-पाटी मिळून साडेचार-पाच किलो, वर तीन-चार किलो भर. यात लिहायला जागा पुरेशी आहे: साडेसात सेंमी उंचीचे अक्षर चालत्या माणसाला आठ-नऊ मीटरवरून आरामात वाचता येते. वेलांटी, रुकार धरून ओळीला १२ सेंमी दिले तर पाच-सहा ओळी बसतात. ‘सुरमई थाळी, बांगडा फ्राय, सोलकढी, शाकाहारीही मिळेल’ यापेक्षा जास्त काय लिहायचे असते? फ्लेक्सवर मालकाचा फोटो टाकायचा नसेल तर मोठ्या बोर्डाची गरज पडत नाही.

भर कशी द्यायची यातही चुका होतात. आपल्याकडचा सर्रास उपाय म्हणजे बोर्डाच्या पायावर जांभ्याचा चिरा ठेवणे. आख्खा चिरा २५-३० किलोंचा असतो, बोर्ड हलत नाही हे खरे, पण चिरा चौकटीच्या बाहेर येतो आणि अंधारात त्याचीच ठेच लागते. बोर्ड आत घेतला तरी चिरा तिथेच राहतो, आणि मग वर्षभर राहतो. भर चौकटीच्या आतच हवी. त्यासाठी दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी दोन्ही बाजूंना जमिनीपासून १०-१५ सेंमीवर टाकावी आणि तिच्यावर पत्र्याचा लहान ट्रे बसवावा. त्यात पाच लिटरचा कॅन पाण्याने भरून ठेवला की पाच किलो झाले. खडीच्या भुकटीने भरला तर सात-आठ. किनाऱ्यावरची वाळू यासाठी उचलू नये. ती खारी असते, ट्रेचा पत्रा एका पावसाळ्यात खाते.

ही पट्टी तीन कामे करते. भर धरते, पाय ठरलेल्या अंतरापेक्षा फाकू किंवा मिटू देत नाही, आणि काठीला लागते. शेवटचे महत्त्वाचे आहे. शिडीसारखा बोर्ड बाजूने पोकळ त्रिकोण असतो. पांढरी काठी दोन पायांच्या मधून आरपार जाते, माणूस पुढे येतो आणि वरची कड त्याच्या पोटाला किंवा मुलाच्या तोंडाला लागते. खाली पट्टी असेल तर काठी तिथेच थांबते. एका खांबावर उभी केलेली पाटी, खाली गोल तवा आणि वर रुंद फलक, या कारणासाठीच नको. पंखी झेंडेही नकोत. कापड वाऱ्याने चेहऱ्याच्या उंचीवर फडफडते आणि २.२ मीटरची मोकळी उंची मोडते. फ्लेक्सची गुंडाळी स्टँडी तर दुकानाच्या आत वापरायची वस्तू आहे. ती दोन-तीन किलोंची असते, बाहेर ठेवली की शिडाचे काम करते.

वजन पुरेसे असूनही बोर्ड सरकतो, हे वेगळे दुखणे. ओल्या गुळगुळीत लादीवर लोखंडी पाय उलटण्याआधी घसरतो, आणि सकाळी रेषेवर ठेवलेला बोर्ड दुपारी रस्त्यात सापडतो. पायांना जाड रबरी बूट घालावेत. पण बुटात पाणी साचून पाइप आतून कुजतो, म्हणून पाइपच्या तळाशी बुटासकट पाच-सहा मिमीचे भोक पाडावे. खाऱ्या हवेत पाइप बाहेरून गंजण्याआधी आतून जातो. रंग शाबूत दिसतो आणि एके दिवशी पाय मोडतो. वेल्डिंग टाके मारून न सोडता सांधा चहूबाजूंनी बंद करून घ्यावा, रेड ऑक्साइडचा हात आणि वर ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत, आणि दर वर्षी मेच्या मध्यावर खरवडून पुन्हा रंगवावे. जमल्यास गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्यावा. त्याच्याही वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो, तिथे झिंकचा प्रायमर लावायला कारागिराला सांगावे लागते, तो आपणहून लावत नाही.

बिजागरी साधी लोखंडी असते ही आणखी एक बारीक गोष्ट, पण तिचा परिणाम मोठा. किनाऱ्यावर ती पहिल्याच पावसाळ्यात आखडते. बोर्ड मिटत नाही, मिटत नाही म्हणून दारातून आत जात नाही, आत जात नाही म्हणून रात्रभर बाहेर राहतो. दुकानदाराला बेशिस्त म्हणण्याआधी बिजागरी पाहावी. स्टेनलेस स्टीलची किंवा पितळी बिजागरी आणि तसेच बोल्ट घातले की ही साखळी तुटते.

दिव्यांच्या बोर्डाबद्दल थोडे, पण ठामपणे. दुकानातून एक्स्टेन्शन वायर काढून ती फुटपाथवरून, कधी पायपुसण्याखालून, बोर्डापर्यंत नेतात. पावसाळ्यात ही वायर म्हणजे धोका आहे. घरगुती २३० व्होल्टची वायर फुटपाथ ओलांडून जाऊ नये, असे नियमात लिहावे आणि त्याला अपवाद नसावा. दिवा हवाच असेल तर बोर्डातच १२ व्होल्टची बॅटरी आणि एलईडी पट्टी. पळत्या अक्षरांचे लाल-हिरवे बोर्ड जमिनीवर नकोतच. चालकाचे लक्ष सिग्नलवरून काढतात.

वेळापत्रक: बोर्ड दुकान उघडल्यावर बाहेर, बंद होताना आत. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी बाहेरच काढायचा नाही. पूररेषेतल्या पेठांत हे जास्त कडक हवे. चिपळूणला २२ जुलै २०२१च्या पुरात आणि राजापुरात अर्जुना-कोदवलीच्या पाण्यात बाजारातले काय काय वाहून गेले ते लोकांनी पाहिले आहे. वाहून गेलेली प्रत्येक पाटी पुढे कुठल्यातरी मोरीच्या तोंडात अडकते. निसर्ग आणि तौक्ते या वादळांच्या वेळी सूचना एक-दोन दिवस आधी मिळाली होती. सूचना मिळाल्यावर बोर्ड आत घ्यायला पाच मिनिटे लागतात, पण ते कोणाचे काम हे नियमात आधी लिहिलेले हवे.

एवढे सगळे झाल्यावर व्यापारी विचारणार, आणि रास्तच विचारणार, की आमचे दुकान बोळात आहे, दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, पर्यटकाला कळणार कसे? स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराने नोव्हेंबर २०१८ मध्ये असे बोर्ड शहरभर बंद केले, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनीही हेच विचारले होते. सरसकट बंदी आपल्याकडे टिकणार नाही असे वाटते. पण बंद करायच्या रस्त्यांवर पर्याय हातात देऊन मग बंदी करावी. भिंतीतून काटकोनात बाहेर येणारी दुतर्फा पाटी हा त्यातला सर्वांत चांगला. खालची कड जमिनीपासून अडीच मीटरवर, बाहेर आलेला भाग ६० सेंमीपर्यंत, पाटी ४५ बाय ६०. चालत्या माणसाला ती जमिनीवरच्या बोर्डापेक्षा लांबून दिसते, कारण मध्ये उभ्या दुचाकी येत नाहीत. जुन्या चिऱ्याच्या भिंतीत मात्र ती साध्या प्लगवर टांगू नये. चिरा भुसभुशीत असतो, प्लग सैल होतो. आरपार बोल्ट आणि आतून पत्र्याची थाळी, किंवा केमिकल अँकर (भोकात रासायनिक चिकटद्रव्य भरून बसवलेला बोल्ट). चिऱ्यांमधल्या सांध्यात भोक पाडले तर तेही पकडत नाही.

दुसरा पर्याय बोळाच्या तोंडाशी एकच सामायिक फलक. आत दहा दुकाने असतील तर दहा बोर्डांऐवजी दहा सारख्या पट्ट्या, प्रत्येक ६० बाय १० सेंमीची, बाणासह. खर्च नगरपरिषदेने करावा, पट्टीचे वार्षिक भाडे दुकानदाराने भरावे. तिसरा पर्याय तर फुकटचा आहे आणि आपल्याच लोकांच्या विस्मरणात गेला आहे: दुकानाचा स्वतःचा ओटा किंवा पडवी. स्वतःच्या हद्दीतल्या ओट्यावर खडूचा फळा ठेवायला कोणाची हरकत नाही, त्याला परवानाही नसावा. फक्त फळा ओट्याच्या कडेबाहेर येऊ नये. अनेकांनी ओट्यावर फ्रीज मांडला आणि फळा फुटपाथवर आणला आहे.

परवान्याची पद्धत साधी ठेवली तरच लोक घेतील. एका दुकानाला एक बोर्ड. अर्जासोबत दुकान नोंदणीचा कागद, मालमत्ता कराची चालू पावती, फुटपाथचे मोजमाप दाखवणारा हाताने काढलेला नकाशा आणि जागेचे दोन फोटो, एक टेप धरून. वास्तुविशारदाचा सहीशिक्का मागू नये. चार रेघांच्या नकाशासाठी हजारो रुपये घालवायला कोणी तयार होत नाही आणि मग विनापरवाना धंदा चालू राहतो. कनिष्ठ अभियंत्याने सात दिवसांत जागेवर येऊन मोजावे आणि पाटीच्या वरच्या कोपऱ्यात क्रमांकाचा स्टिकर लावावा: परवाना क्रमांक, मुदत, मंजूर जागा. मुदत १ ऑक्टोबर ते ३१ मे, म्हणजे पावसाळ्यात आपोआप बोर्ड आत. गणेशोत्सव पावसाळ्यातच येतो, त्या दहा-बारा दिवसांत चाकरमान्यांच्या गर्दीने बाजारात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा तर एकही बोर्ड जमिनीवर नको. आठवडा बाजाराच्या दिवशी बाजाराच्या रस्त्यावरही नको. दुकानाचे नाव बोर्डावर असेल तर ते मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही, हा राज्याचा नियम मुख्य पाटीसाठी आहेच. तोच इथे लावला तर वेगळा वाद राहत नाही.

फुटपाथवर बसणाऱ्या विक्रेत्यांना या नियमात ओढू नये. त्यांच्यासाठी २०१४चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती आहे आणि तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असावे लागतात. हे सांगायचे कारण असे की, दारात अबोलीचे वळेसर (गजरे) विकणाऱ्या बाईला ‘वाट अडते’ म्हणून उठवणारे दुकानदार स्वतःचा बोर्ड तिच्या टोपलीच्या दुप्पट जागेत उघडतात.

कारवाईचा क्रम: पहिल्या वेळी फोटोसह लेखी सूचना आणि तीन दिवस, दुसऱ्या वेळी दंड, तिसऱ्या वेळी जप्ती आणि त्या वर्षाचा परवाना रद्द. पण चालण्याची वाट १.२ मीटरच्या खाली गेली असेल, बोर्ड गटाराच्या जाळीवर असेल किंवा वायर फुटपाथ ओलांडत असेल, तर सूचनेची वाट न पाहता तेव्हाच उचलावा. जप्त बोर्डाची जागेवरच क्रमांकाची पावती द्यावी. पावती नसली की पुढे कोणता बोर्ड कोणाचा यावर गोदामात भांडणे होतात आणि मोहीम तिथेच बारगळते.

एक अडचण सगळ्यांना माहीत आहे, ती लिहून टाकलेली बरी. चौकातले वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे फ्लेक्स. बेकायदा फलकांवर कारवाई करा असे मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७च्या निकालात स्पष्ट बजावले आहे. बांबूवर बांधलेला दहा फुटी फ्लेक्स फुटपाथच्या मधोमध महिनाभर राहतो आणि त्याच्या शेजारचा झेरॉक्सवाल्याचा दोन फुटी बोर्ड उचलला जातो, असे झाले की पिवळ्या रेषेला कोणी किंमत देणार नाही. क्रमांकाचा स्टिकर नसलेली जमिनीवरची कुठलीही पाटी उचलायची, तिच्यावर फोटो कोणाचा आहे ते पाहायचे नाही, एवढे एक वाक्य नियमात असावे.

सभागृहात मसुदा मांडण्याआधी नगरपरिषदेने एक काम करावे. बाजारातला एकच रस्ता निवडावा, सोमवारी सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी अभियंता, व्यापारी संघटनेचा एक माणूस आणि चाकाची खुर्ची वापरणारी एक व्यक्ती यांनी टेप घेऊन तो टोकापासून टोकापर्यंत मोजावा, दर तीन मीटरला मोकळी रुंदी लिहावी आणि तो कागद नगरपरिषदेच्या फलकावर लावावा. हरकती-सूचना त्या कागदावर मागवाव्यात. कुठे बोर्ड बसतो आणि कुठे बसत नाही, हे मग प्रत्येक दुकानदाराला आपल्या दारासमोरच्या आकड्यावरून वाचता येईल.

आपला,
एक वाचक,
मालवण